एका प्रिंटरसाठी विणलेलं जाळं

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

कचेरीत नवा संगणक आला की त्याला टेबल मिळतं, खुर्ची मिळते, कुणी हौशी माणूस त्याला हळदकुंकूही वाहतो. तासाभरात पडदा उजळतो. मग कुणीतरी विचारतं, ‘प्रिंटर जोडला का?’ आणि तिथून पुढची अख्खी दुपार जाते. कुणी प्रिंटरचा पत्ता विचारतं, कुणी ड्रायव्हर शोधतं, कुणी चाचणीचं पान पाठवून कान देऊन बसतं. पान निघतं, पण ते वरच्या मजल्यावर लेखा शाखेत. तिथले लोक ते उलट करून पाठकोऱ्यात ठेवून देतात आणि इथे खाली माणूस वाट बघत राहतो.

मंडळी, ही कटकट आजकालची आहे असं आपण समजतो. तिचं वय पन्नास वर्षांहून जास्त आहे. आणि तिचा इतिहास आपल्या समजुतीच्या थोडा उलटा आहे. आपल्याला वाटतं, कचेरीतले संगणक आधी एकमेकांना जोडले गेले आणि मग सवडीने त्या जाळ्याला एक प्रिंटर लावून दिला. घडलं ते असं नाही. ज्या ठिकाणी कचेरीतल्या संगणकांचं जाळं पहिल्यांदा विणलं गेलं, तिथे ते विणायचं एक मोठं कारणच प्रिंटर हे होतं. पुढे अशाच एका प्रिंटरमध्ये कागद अडकला आणि त्यावरून एक माणूस असा दुखावला, की सॉफ्टवेअरच्या जगात एक चळवळ उभी राहिली. आज सांगायची गोष्ट ती आहे.

त्याच्या आधीचा काळ थोडक्यात सांगतो. १९५० आणि ६० च्या दशकात संगणक म्हणजे थंड खोलीत ठेवलेली कपाटं. आपण भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापलेला कागद नंतर कधीतरी घ्यायचा, रेशनच्या दुकानासारखं. संगणक भराभर हिशेब करायचा, पण छपाई त्या मानाने फार सावकाश. एवढं महागडं यंत्र छपाईसाठी ताटकळत ठेवणं परवडत नसे. म्हणून आलेलं उत्तर आधी चुंबकीय फितीवर उतरवून घ्यायचं आणि ते रीळ दुसऱ्या, लहान यंत्रावर नेऊन छापायचं. १९५९ मध्ये जाहीर झालेला आयबीएमचा १४०१ हा संगणक पुष्कळ ठिकाणी याच कामाला जुंपलेला असे. त्याच्यासोबतचा प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापी. काम आधी बाजूला साठवायचं आणि यंत्र मोकळं होईल तसं छापायचं, या युक्तीला स्पूलिंग म्हणतात. आजही आपण ‘प्रिंट’वर बोट ठेवलं की काम पहिल्यांदा जातं ते संगणकातल्या ‘स्पूलर’कडे. रीळ गेलं, रांग राहिली.

आता झेरॉक्सकडे येऊ. आपल्याकडे हे कंपनीचं नाव उरलेलंच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानावर ‘येथे झेरॉक्स काढून मिळेल’ अशी पाटी असते, आणि आत यंत्र भलत्याच कंपनीचं असतं. त्या मूळ कंपनीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या वेब्स्टर इथल्या प्रयोगशाळेत गॅरी स्टार्कवेदर नावाचा एक तरुण अभियंता होता. प्रकाश आणि भिंगं हा त्याचा विषय. कॉपी काढणाऱ्या यंत्रात मूळ कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश एका ड्रमवर पडतो. जिथे प्रकाश पडला तिथला विजेचा भार जातो, उरलेल्या भागाला काळी पूड चिकटते आणि ती कागदावर उतरते. १९६७ च्या सुमारास स्टार्कवेदरच्या डोक्यात आलं, की मूळ कागद हवाच कशाला? लेझरचा किरण चालू-बंद करत ड्रमवर थेट लिहिलं, तर संगणकाच्या पोटातलं पान कागदाशिवायच कागदावर येईल.

वरिष्ठांना हे पटलं नाही. लेझर तेव्हा महाग होते, आणि कंपनीचा धंदा कॉपी काढण्याचा होता, संगणकाचा नव्हता. हे काम थांबव, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने ते चोरून चालू ठेवलं. अखेर १९७१ च्या सुरुवातीला बदली घेऊन तो कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे, कंपनीच्या नव्या संशोधन केंद्रात गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचं यंत्र चालू झालं. कंपनीच्याच एका कॉपी यंत्राचं पोट उघडून त्याने त्यात लेझर बसवला होता.

या यंत्रातली एक अडचण सांगण्यासारखी आहे. किरण पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेण्यासाठी अनेक पैलूंचा गरगर फिरणारा आरसा वापरला होता. त्यातला एखादा पैलू केसभर जरी कलला तरी छापलेली ओळ वरखाली होणार. इतके अचूक पैलू पाडायचे तर आरशाची किंमत आभाळाला टेकणार. स्टार्कवेदरने किरणाच्या वाटेत एक दंडगोलाकार भिंग ठेवलं. किरण थोडा कललेला असला तरी ते भिंग त्याला ठरलेल्या ओळीवर आणून सोडी. मला स्वतःला ही युक्ती सगळ्या लेझरच्या कल्पनेपेक्षाही जास्त आवडते. पुढे हे यंत्र कचेरीत परवडण्याजोगं झालं, त्यात या भिंगाचा वाटा मोठा आहे.

प्रिंटर इंचाला ५०० ठिपके टाकायचा आणि सेकंदाला एक पान काढायचा. साडेआठ बाय अकरा इंचाचं अमेरिकन पान धरलं तर एका पानात दोन कोटी तीस लाखांहून जास्त ठिपके होतात. म्हणजे दर सेकंदाला एवढे ठिपके खाणारा राक्षस उभा राहिला. प्रश्न होता त्याला वाढायचं कसं.

त्याच केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला. प्रत्येक संशोधकाच्या टेबलाजवळ एक, आपापला. तेव्हा ही फारच उधळपट्टीची कल्पना होती. संगणक प्रत्येकाला देता आला, पण मोठ्या कॉपी यंत्राएवढा लेझर प्रिंटर प्रत्येकाला कुठून देणार? तेव्हा प्रिंटर एक आणि संगणक अनेक, असं ठरलं. त्यांना एकमेकांशी जोडायचं काम बॉब मेटकाफ या तरुणाकडे आलं आणि डेव्हिड बॉग्ज त्याच्या जोडीला आला. टेलिफोनसारख्या संथ तारा इथे चालणार नव्हत्या. प्रिंटर उपाशी राहिला असता.

मेटकाफने हवाई बेटांवरच्या एका रेडिओ जाळ्याबद्दल नॉर्मन अब्रामसन यांचा निबंध वाचला होता. तिथे वेगवेगळ्या बेटांवरची केंद्रं एकाच रेडिओ लहरीवर बोलत. मेटकाफने हीच पद्धत एका जाड तारेवर आणली आणि सुधारली. गावच्या चावडीवर दहा माणसं बसलेली असतात. प्रत्येकाला बोलायचं असतं, पण अध्यक्ष कुणीच नसतो. माणूस आधी ऐकतो, कुणी बोलत नसेल तर तोंड उघडतो. दोघं एकदम बोलले तर दोघंही थबकतात आणि थोड्या वेळाने एकजण पुन्हा सुरू करतो. तारेवर हेच. फरक एवढाच, की किती वेळ थांबायचं हे प्रत्येक यंत्र जणू फासा टाकून ठरवतं, म्हणजे दोघं पुन्हा एकाच क्षणी बोलत नाहीत. २२ मे १९७३ च्या टिपणात मेटकाफने या पद्धतीला ‘इथर’चं नाव दिलं. विश्वभर पसरलेलं जे अदृश्य माध्यम जुन्या शास्त्रज्ञांनी कल्पिलं होतं, ते इथर. आज कोणत्याही कचेरीत भिंतीतून निघणारी जी निळी-करडी वायर आपण प्रिंटरच्या पाठीत खुपसतो, त्या इथरनेटचा जन्म तो.

वेग होता सेकंदाला २९.४ लाख बिट. म्हणजे ठिपके जसेच्या तसे पाठवायला तोही अपुरा. म्हणून तारेवरून ठिपक्यांऐवजी अक्षरं पाठवायची आणि प्रिंटरशेजारच्या यंत्राने त्या अक्षरांचे ठिपके करायचे, अशी सोय झाली. ते यंत्र बटलर लॅम्पसन आणि रॉन रायडर यांनी तयार केलं. इथरनेट, आल्टो, अक्षरं घडवणारं यंत्र आणि लेझर प्रिंटर अशा चार भागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या साऱ्या व्यवस्थेला ‘इअर्स’, म्हणजे कान, असं नाव पडलं. कचेरीतलं जाळं आणि कचेरीतला प्रिंटर यांची नाळ त्या एका नावातच बांधलेली आहे.

प्रत्येक यंत्राला त्या तारेवर एक क्रमांक असे. आठ बिटांचा, म्हणजे फार तर २५६ यंत्रं. आज प्रिंटर जोडताना आपल्याला टिंबं घातलेला एक लांबलचक आकडा विचारतात, तो याच क्रमांकाचा दूरचा वंशज.

झेरॉक्सने असे काही लेझर प्रिंटर अमेरिकेतल्या विद्यापीठांना दिले. त्यातला एक १९८० च्या आसपास एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पोचला. देणगी मोठीच होती. पान सुबक आणि भराभर येई. पण मूळ यंत्र कॉपी काढणाऱ्याचं. कॉपी काढताना माणूस समोर उभा असतो, कागद अडकला की लगेच ओढून काढतो. जाळ्यावरच्या प्रिंटरपाशी कुणीच उभं नसतं. माणूस दुसऱ्या मजल्यावर बसून ‘छाप’ म्हणतो, तासाभराने जिना उतरून येतो आणि पाहतो तर दुसऱ्याच्याच कामाचा कागद मध्येच अडकलेला, आणि त्याच्यामागे सगळ्यांची रांग खोळंबलेली.

तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर होता. प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरलाही हाच आजार होता आणि त्याचं औषध तिथल्या लोकांनी शोधलं होतं. कागद अडकायचा थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, पण प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम त्यांच्या हातात होता. त्यात त्यांनी अशी भर घातली, की कागद अडकला की ज्यांची ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप जावा. पाचजण वाट बघत असतील तर त्यातला एखादा तरी उठून जाई. सार्वजनिक नळ गळतो तेव्हा कुणीच बघत नाही. पण पाणी भरायला थांबलेल्या बायांना कळलं की पाच मिनिटांत चावी बंद होते. त्यातलाच हा प्रकार.

नव्या प्रिंटरबरोबर मात्र प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आलाच नाही. यंत्राला कळेल असं रूप तेवढं आलं, माणसाला वाचून बदलता येईल असं नाही. औषध ठाऊक होतं, पण बाटलीचं बूच उघडत नव्हतं. पुढे स्टॉलमनच्या कानावर आलं, की कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका माणसाकडे तो मजकूर आहे. तिकडे गेला असताना त्याने त्या माणसाची गाठ घेऊन मजकूर मागितला. उत्तर आलं, देता येणार नाही. कुणाला देणार नाही असं त्याने कंपनीला लिहून दिलं होतं.

स्टॉलमनने हा प्रसंग पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितला आहे. त्याच्या सांगण्यानुसार तो एक शब्द न बोलता खोलीबाहेर पडला. राग त्या माणसापेक्षा त्या सहीवर होता. एका सहीने एका माणसाने आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना, पुढच्या पिढीलासुद्धा, आधीच नाही म्हणून टाकलं होतं. यंत्र सगळ्यांचं, रांग सगळ्यांची, पण दुरुस्तीची किल्ली कुणाचीच नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. ज्याचा मजकूर कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली लिहायचा तो संकल्प होता. १९८९ मध्ये त्यातून एक परवाना तयार झाला: बदल करा, पण वाटताना तुमचाही मजकूर उघडा ठेवा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केलं आणि थोड्याच काळात ते याच परवान्याखाली आणलं. चळवळीची कारणं अनेक असतात, एका अडकलेल्या कागदाला सगळं श्रेय देऊ नये. पण स्टॉलमन स्वतःच सुरुवात तिथून सांगतो.

इकडे बाजारात काय चाललं होतं? झेरॉक्सने १९७७ मध्ये मिनिटाला १२० पानं छापणारा प्रचंड प्रिंटर विकायला आणला, पण तो मोठ्या संस्थांसाठी. सामान्य कचेरीच्या आवाक्यातला लेझर प्रिंटर १९८४ मध्ये हेवलेट-पॅकार्डने आणला. किंमत ३,४९५ डॉलर, आतलं इंजिन जपानच्या कॅननचं. पुढच्याच वर्षी ॲपलचा लेझररायटर आला, ६,९९५ डॉलरला. आदल्या वर्षी आलेल्या मॅकिन्टॉश संगणकाची किंमत २,४९५ डॉलर होती. प्रिंटर संगणकाच्या जवळजवळ पावणेतीन पट महाग! आणि त्याच्या आतला प्रोसेसर त्याला हुकूम देणाऱ्या संगणकापेक्षा वेगवान होता. कारकुनापेक्षा शिपायाचं शिक्षण जास्त, अशी ती गत. एवढं महाग यंत्र एका माणसासाठी कोण घेईल? म्हणून ॲपलने तो सुरुवातीपासूनच साध्या केबलने अनेक संगणकांना मिळून वापरता येईल असा केला.

लेझररायटरला समजणारी भाषा होती पोस्टस्क्रिप्ट. ती लिहिणारे जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघंही पालो आल्टोच्याच केंद्रातले. तिथे त्यांनी पानाचं वर्णन करणारी अशीच एक भाषा केली होती, पण कंपनी ती बाहेर खुली करीना. दोघं बाहेर पडले आणि १९८२ मध्ये त्यांनी ॲडोबी काढली. घरात दिवा लावून उजेड शेजारी पडावा, हे झेरॉक्सच्या नशिबी वारंवार आलेलं दिसतं. मेटकाफही १९७९ मध्ये तिथून बाहेर पडून थ्रीकॉम ही कंपनी काढून बसला होता. जाळ्याची कार्डं विकताना तो सोबत जी सॉफ्टवेअर देई, त्यातल्या एकाचं काम प्रिंटर वाटून घेणं हेच होतं.

युनिक्सवाल्यांची व्यवस्था वेगळी. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ‘लाइन प्रिंटर डीमन’ नावाचा प्रोग्रॅम होता. पडद्यामागे बसून तो रांग सांभाळायचा आणि दुसऱ्या संगणकावरून आलेली कामंही छापायचा. डीमन म्हणजे भूतच. हे नाव एमआयटीत १९६० च्या दशकात पडलं, भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या काल्पनिक भुतावरून. आमच्या कोकणात त्याला राखणदार म्हटलं असतं. दिसत नाही, हिशेब चोख ठेवतो, आणि कोपला तर सगळा वाडा खोळंबतो.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत या गोष्टी जरा उशिरा आणि आपल्या पद्धतीने आल्या. मी नोकरीत होतो तेव्हाचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून कानात आहेत. किर्रर्र आवाज, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद, आणि वापरून वापरून फिकी पडलेली रिबन. आमच्या शाखेत चार संगणकांत एक प्रिंटर होता आणि मध्ये एक पत्र्याचा डबा. डब्यावर फिरवायची खुंटी, तिच्याभोवती ए, बी, सी, डी. ज्याला छापायचं असेल त्याने ओरडून सांगायचं आणि शिपायाने खुंटी त्याच्या अक्षरावर आणायची. याला तुम्ही जाळं म्हणणार नाही, पण रांग, पत्ता आणि राखणदार हे तिन्ही त्यात होते. राखणदार चहाला गेला की छपाई बंद.

मग काळी गोल केबल आली. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर माळेसारखी जाई, प्रत्येक ठिकाणी इंग्रजी टी आकाराचा जोड आणि दोन्ही टोकांना एकेक बूच. माळेतला एक जोड सैल झाला की सगळी माळ मुकी. झाडूवालीचा झाडू केबलला लागला की सगळी शाखा उभी राहून एकमेकांच्या टेबलाखाली डोकावायची. पुढे विंडोज आलं आणि एकाच्या संगणकाला लावलेला प्रिंटर इतरांना ‘शेअर’ करता येऊ लागला. आमच्याकडे तो हेडक्लार्कसाहेबांच्या संगणकाला लावला होता. ते काटकसरी. जेवायला जाताना संगणक बंद करून जायचे, त्यामुळे एक ते दोन छपाई बंद. ते रजेवर गेले की छपाईही रजेवर. प्रिंटरला स्वतःचंच नेटवर्क कार्ड असलं की हे सगळं टळतं. तशी यंत्रं हेवलेट-पॅकार्डने १९९१ मध्ये आणली होती, पण मंजुरीची फाईल आमच्याकडे बरीच उशिरा फिरली.

मराठीला मात्र या जाळ्याचा एक फायदा झाला, तो सहसा कुणी सांगत नाही. युनिकोडच्या आधीच्या काळात मराठी पत्र म्हणजे विशिष्ट फॉन्टची करामत असे. आत खरी अक्षरं इंग्रजीची, वरून देवनागरीचं सोंग. एका संगणकावर टाइप केलेलं परिपत्रक फ्लॉपीवर घालून प्रिंटर असलेल्या दुसऱ्या संगणकावर नेलं, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की परिपत्रकाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा लगदा बाहेर यायचा. जाळ्यावरून छापताना ज्या संगणकावर पत्र लिहिलं तोच पान तयार करून पाठवतो, त्यामुळे फॉन्ट एकाच ठिकाणी असला तरी भागतं. खरा इलाज युनिकोडचाच. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्या दृष्टीने मोठी गोष्ट होती, आणि तो घडवला होता आपल्या र. कृ. जोशी यांनी. ते मराठीतले कवी आणि सुलेखनकार. सरकारी पत्रांतून ‘मंगल’ वाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

आता त्या दुपारच्या कटकटीकडे परत जाऊ. प्रिंटर जोडताना खरं तर तीन गोष्टी लागतात. यंत्राचा पत्ता, त्याच्याशी बोलायची रीत, आणि त्याला कळणारी भाषा. पत्ता बऱ्याच कचेऱ्यांत आपोआप वाटला जातो, आणि वीज जाऊन आली की प्रिंटरला कधी नवाच पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच दारावर थापा मारत राहतो. म्हणून जाणता माणूस प्रिंटरला कायमचा पत्ता देऊन टाकतो. भाषेचा घोळ त्याहून मोठा. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी, म्हणून प्रत्येक प्रिंटरला दुभाषा वेगळा. तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

या दुभाष्यांचा जाच कमी करायचा प्रयत्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी १९९९ मध्ये छपाईसाठी एक सामायिक रीत प्रसिद्ध केली, तिचं नाव आयपीपी. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांचा ‘कप्स’ हा मुक्त प्रोग्रॅम आला. युनिक्सच्या जुन्या राखणदाराची जागा त्याने घेतली. ॲपलने तो २००२ मध्ये आपल्या संगणकांत घेतला आणि २००७ मध्ये विकतच घेतला; स्वीटही ॲपलमध्ये गेले. २०१० मध्ये ॲपलने ड्रायव्हरशिवाय फोनवरून छापायची सोय आणली, तीही आयपीपीवरच उभी आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलं, की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर आपण विंडोजमार्फत पुरवणं टप्प्याटप्प्याने थांबवणार.

हे करण्यामागे सोयीइतकीच भीतीही होती. स्पूलर हा संगणकातला जुना आणि मोठे अधिकार असलेला नोकर. इराणच्या अणुप्रकल्पातली यंत्रं बिघडवणारा स्टक्सनेट हा विषाणू २०१० मध्ये उघडकीस आला, तेव्हा एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट विंडोजच्या स्पूलरमधलं भोक होती. जुलै २०२१ मध्ये त्याच स्पूलरमधलं दुसरं भोक बुजवण्यासाठी मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये नियम आला, की जाळ्यावरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला व्यवस्थापकाचे अधिकार लागतील. तेव्हापासून प्रिंटर जोडायला गेलं की पडदा पासवर्ड मागतो, आणि तो पासवर्ड ज्याला ठाऊक तो माणूस नेमका जागेवर नसतो. कचेरीतल्या मंडळींना हा उगाचचा जाच वाटतो. माझ्या मते तो तसा नाही. ज्या दारातून सगळे येतात, तिथे पहारा लागतोच. गोपनीय अहवाल प्रिंटरच्या ट्रेमध्ये उघडा पडून राहतो, त्याकडे मात्र कुणी तितकं लक्ष देत नाही.

स्वीट २०१९ च्या अखेरीस ॲपलमधून बाहेर पडले. कंपनीतलं ‘कप्स’चं काम मंदावलं. पण मजकूर उघडा होता. २०२० मध्ये ओपनप्रिंटिंग या मुक्त प्रकल्पात त्याची वेगळी शाखा निघाली, स्वीट स्वतः तिच्यावर काम करू लागले आणि लिनक्सवर छपाई चालते ती त्यातून. यासाठी कुणाला कुणाची सही मागायला जावं लागलं नाही.

आणि त्या आयपीपीच्या नियमांत एक यादी आहे. प्रिंटर थांबला तर त्याने जाळ्यावरच्या संगणकांना कारण कळवायचं, त्यासाठी ठरवलेल्या शब्दांची. कागद संपला, टोनर कमी आहे, दार उघडं आहे, असे बरेच शब्द आहेत. त्यातला एक आहे ‘मीडिया-जॅम’: कागद अडकला. स्टॉलमनला जो निरोप त्या प्रिंटरकडून हवा होता तो आता नियमानेच लिहून ठेवलेला आहे, आणि रांगेतल्या माणसाच्या पडद्यावर तो येतो.